काकांच्या पाण्याला पाय फुटले

चष्म्याचं दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून मुद्देकाकांना वाद घालायला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा असं बोटांवर मोजत बोलायची खोड, म्हणून गल्लीने हे नाव ठेवलेलं. त्यामुळे नगरपालिकेची नोटीस आली तेव्हा ते चिडले की खूश झाले, हे काकूंनाही सांगता आलं नसतं.

गल्लीतला रस्ता उखडला होता, गटार तुंबलं होतं. त्यासाठी घरपट्टीखेरीज गल्लीतल्या घरांवर विशेष आकार बसणार होता. ज्याचं घर रस्त्याकडून जितकं रुंद, तितका त्याचा वाटा मोठा. जमलेला पैसा मात्र याच गल्लीच्या रस्त्या-गटारावर खर्च होणार.

काकांचं घर उताराच्या माथ्यावर, आणि रुंदीत गल्लीत पहिलं.

"पहिला मुद्दा," काका म्हणाले, "रस्ता वापरतो, त्याचे पैसे देतो. दुसरा मुद्दा, गटार तुंबतं खाली. आपण वर. त्याचे का द्यायचे?"

"खालच्या शिंपीणबाई जरा पाऊस आला की शिलाई मशीन टेबलावर चढवतात," काकू म्हणाल्या.

"तो त्यांचा मुद्दा!"

काकांनी हरकत नोंदवली आणि तिच्या सुनावणीला कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेले. नगरपालिकेच्या इंजिनिअर बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे गटाराचा तुम्हाला काहीच उपयोग नाही?"

"शून्य!"

"तसं लिहून द्याल?"

काकांनी झोकात सही ठोकली आणि गड सर केल्यासारखे घरी आले.

थोड्याच दिवसांत इंजिनिअर बाई दोन गवंडी घेऊन दारात हजर. काकांच्या न्हाणीघराचं आणि स्वयंपाकघराचं पाणी ज्या नळीने गटारात जायचं, तिच्या तोंडाला गवंड्यांनी सिमेंटचं बूच मारलं.

"उपयोग नाही म्हणालात ना? मग जोडणी बंद. पाण्याची सोय तुमची तुम्ही करा."

"करू की!" काका म्हणाले. माघार त्यांच्या रक्तातच नव्हती.

मग घरभर टब, बादल्या, पातेली मांडली गेली. काका ते पाणी अंगणातल्या गुलाबांना घालत. साबण पिऊन पिऊन गुलाबांनी माना टाकल्या. सकाळी न्हाणीघराच्या दारात काकू वाट अडवून उभ्या राहत. "आंघोळ करायचीय? आधी कालची आंघोळ बाहेर नेऊन टाका!" शेवटी त्यांनी कपड्यांचं गाठोडं बांधलं आणि तडक शिंपीणबाईंकडे मुक्काम हलवला. जाताना म्हणाल्या, "तिथे तुंबत असेल, पण हळूहळू का होईना, जातं तरी!"

बादल्या उचलून उचलून एकट्या काकांची कंबर धरली. एका सकाळी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि साबणाच्या पाण्याचा टब सरळ रस्त्यावर पालथा केला.

उतारच तो. पांढरा फेस ऐटीत निघाला. दूधवाल्याच्या सायकलला वळसा घातला, प्रत्येक दाराशी हजेरी लावली आणि थेट शिंपीणबाईंच्या पायरीशी जाऊन बसला. पायरीवर त्या आणि काकू चहा पीत होत्या. दोघींनी मान वर करून फेसाचा माग काढला. वर, माथ्यावर, रिकामा टब पोटाशी धरून काका उभे.

"काका," शिंपीणबाई खालूनच ओरडल्या, "तुमचा मुद्दा आमच्या दारी आलाय हो!"

गल्ली खिडक्यांतून फिदीफिदी हसली. काकूसुद्धा. काकांना तेच जास्त लागलं.

त्याच दुपारी ते कार्यालयात गेले. "हरकत मागे घेतो."

"कारण?" इंजिनिअर बाईंनी विचारलं.

काकांनी सवयीने बोट वर केलं, मग खाली घेतलं. "बायको घरी नाही," ते म्हणाले.

बाईंनी हसू दाबत शिक्का मारला.

काकांनी पूर्ण आकार भरला, बूच निघालं, काकू परतल्या. गटाराचं काम निघालं तसे काका खुर्ची टाकून गवंड्यांच्या डोक्यावर बसले. "ढाळ नीट ठेवा! माझे पैसे आहेत!" वैतागलेल्या गवंड्यांनी मग त्यांनाच ढाळ बघायची दोरी धरायला लावली, तेव्हा कुठे त्यांचं तोंड बंद झालं.

काम संपलं त्या संध्याकाळी काकांनी माथ्यावर गटारात बादलीभर पाणी ओतलं आणि पाहुण्याला पोचवायला निघाल्यासारखे त्याच्या बाजूने चालत उतरले. शिंपीणबाईंच्या दारावरून पाणी न थांबता पुढे गेलं.

"बघा, आज पायरी कोरडी," शिंपीणबाई म्हणाल्या. "बसा, चहा टाकते."

"साखर जरा जास्त," म्हणत काका त्या कोरड्या पायरीवर ऐसपैस बसले.