निवट्याच्या तळहातावरच्या सात भेगा

निवट्याच्या डाव्या तळहातावर सात भेगा होत्या. चौथी अंगठ्याच्या मुळाशी पोचून दुभंगायची. जयवंत दर अंकात त्या बिनचूक काढायचा, कारण त्याच्या टेबलासमोर माझ्या वहीतलं पान चिकटवलेलं होतं.

निवट्या म्हणजे आमच्या मुलांच्या मासिकातल्या चित्रकथेचा खलनायक. गोष्ट मी लिहायचे, नावाशिवाय, चित्रं जयवंतची. खाडीच्या चिखलातल्या निवटी माशासारखा तो पाण्यात आणि जमिनीवर सारखाच वावरायचा, ओल्या कातडीतून श्वास घ्यायचा. इथवर सगळं प्राणिशास्त्राला धरून होतं. दुसऱ्या अंकात मी त्याला आणखी एक शक्ती दिली: तो ज्याला हात लावील, त्याच्या अंगावर खवले येतात.

हात मात्र कल्पनेतला नव्हता. एम.एस्सी.ला असताना मी ट्रॉम्ब्याच्या खाडीत निवटीचा अभ्यास करत होते, तेव्हा तिथल्या कोळीवाड्यातले चंदरदादा मला चिखलातून वाट दाखवायचे. त्यांच्या हातांची कातडी जन्मापासून खवल्यांसारखी. वडिलांचीही तशीच होती. सवयीनं मी त्यांचा डावा तळहातही भेगांसकट वहीत काढून ठेवला.

कोळीवाड्यातली पोरं चंदरदादांना निवट्या म्हणून चिडवतात, हे मला जूनमध्ये कळलं. मी जयवंतला हात बदलायला सांगितलं.

"वेडी आहेस का? त्या हातावर तर अंक खपतोय! दोन महिने थांब ना यार."

मी थांबले. बघता बघता ऑक्टोबर आला.

रविवारी घाटकोपरच्या बाजारात चंदरदादांची बायको पुतळाबाई नेहमीच्या जागी बसली होती. साडेबारा वाजले होते आणि तिची पाटी भरलेलीच होती. एरवी अकरालाच ती रिकामी व्हायची. माझ्यासाठी दोन बोंबील मात्र ती न सांगता बाजूला ठेवायची.

"एवढं कसं उरलं, पुतळाबाई?"

"उरंल नाय तं काय! गिऱ्हाईक इचारतं, म्हावरा कोनी धरला? नवऱ्यानं म्हटलं का, अंगावर खवलं येतील म्हनून चालली पुढं." तिनं बर्फावरचं फडकं उगाच सारखं केलं. "आता तो घरात पन हाताला फडकी गुंडाळतं. नातवाला उचलत नाय गो. पोर रडतं, हा लांबून बघत बसतं."

मी पिशवीचे बंद बोटाभोवती गुंडाळले, सोडवले, पुन्हा गुंडाळले.

पुतळाबाईनं पाटाखालून आमचा अंक काढला. मुखपृष्ठ भिजून फुगलं होतं, पण हात स्पष्ट दिसत होता.

"तू शिकलेली हाय, बाय. नीट बग. ह्यो हात त्याचाच ना? तो म्हनतं, योगायोग असंल."

मोजायची गरज नव्हती, तरी मी भेगा मोजल्या. सात. चौथी दुभंगलेली. "योगायोगच" म्हटलं असतं तर तिनं विश्वास ठेवला असता, दोन बोंबीलही पिशवीत टाकले असते. शब्द तोंडाशी आला होता. पाटीतून गळणारं पाणी माझ्या चपलेपर्यंत पोचलं.

"सांग ना गो. त्याचाच ना?"

"त्यांचाच आहे," मी म्हणाले. "ती गोष्ट मी लिहिते, पुतळाबाई. निवट्या मी आजपासून बंद करतेय. आणि पुढच्या अंकात माझ्या नावानिशी लिहीन, की अशा हाताचा कुणाला काही संसर्ग होत नाही. मला ते ठाऊक होतं, तरी मी खोटं लिहिलं."