जोडून दिलेला आवाज

काटेसाहेब बाजारात आलेले कोणालाच आवडत नसे. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात त्यांनी बत्तीस वर्षं काढली होती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी ते पिशवी घेऊन दिसले की दुकानदारांचे हात तराजूवरून आपोआप बाजूला होत. "आलं बघा खातं," असं कोपऱ्यावरचा फळवाला हळूच म्हणे आणि मग त्यांना मापापेक्षा एक फळ जास्त घालायला जाई. ते फळ काटेसाहेब परत ठेवत. जास्त तेही चूकच, असं त्यांचं म्हणणं.

पारड्याखाली चिकटवलेलं मेण, आतून पोकळ केलेली वजनं, वाकवलेली दांडी, हे सगळं त्यांनी इतक्यांदा पाहिलं होतं की कुठलीही वस्तू उलटी करून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. भुतंखेतं, भविष्य, अंगठीतले खडे यांचा विषय निघाला की ते एवढंच म्हणत, "असेल. पण खालून दाखवा." भांडत नसत. मुळात भिडस्त माणूस. चार लोकांत बोलायचं म्हटलं की घसा कोरडा पडायचा.

त्या दिवशी ते भाजी घेऊन घरी आले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. बायको खिडकीपाशी बसली होती.

"जेवलीस?"

"जेवले."

"कधी?"

"मघाशी."

सूनबाईने ओट्यावरच्या ताटावरचं झाकण उचलून दाखवलं. ताट जसंच्या तसं होतं.

मुलगा जाऊन सव्वादोन महिने झाले होते. एकतीस वर्षांचा मुलगा. पोटात दुखायला लागलं, डॉक्टरांनी साधं ऑपरेशन सांगितलं. ऑपरेशन झालंही; पण जखमेत पू झाला आणि चौथ्या दिवशी तो गेला. तेव्हापासून त्याच्या आईची अन्नावरची वासनाच उडाली होती. काटेसाहेबांनी तिला दवाखान्याच्या काट्यावर उभं केलं तेव्हा आकडा अडतीसवर थांबला. माणसांच्या बोलण्यावर त्यांचा विश्वास कमी असला तरी काट्यावर पुरा होता. त्या आकड्याने त्यांची झोप उडाली.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बायकोला ऑपरेटरबाईंकडे नेलं ते याच सुमारास. या बाई पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होत्या. आता टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायच्या आणि दर गुरुवारी दुपारी बैठक घ्यायच्या. डोळे मिटून बसल्या की गेलेली माणसं त्यांच्या तोंडून बोलतात असं लोक सांगत. "जन्मभर इकडची लाइन तिकडे जोडून दिली, आता पलीकडची देतात," अशी थट्टाही होई. पण थट्टा करणाऱ्यांच्या घरातलीच बायामाणसं तिथे खुर्च्या धरून बसलेली असत. बाई पैसे घेत नसत, आणि काटेसाहेबांना हीच अडचण वाटे. पैशासाठी फसवणारा माणूस त्यांना चटकन ओळखता येई.

पहिल्या गुरुवारी बायको रिकाम्या हाताने परत आली. "ओळख पटत नाही म्हणाल्या. लाइन लागत नाही," एवढं सांगून तिने तोंड भिंतीकडे केलं. नंतरचे दोन दिवस ती पाण्यावर राहिली.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी काटेसाहेब टायरच्या दुकानावरचा जिना चढले. बाई शेंगा सोलत बसल्या होत्या.

"मी काही विचारायला आलो नाही," ते दारातूनच म्हणाले. "एक गोष्ट सांगायला आलोय."

गोष्ट अशी होती. मुलगा सातवीत असताना गणितात नापास झाला होता. बापाच्या धाकाने त्याच्या आईनेच प्रगतिपुस्तकावर नवऱ्याच्या नावाची सही ठोकून दिली. मायलेकरांचं हे गुपित. दुसऱ्या दिवशी पेन शोधताना काटेसाहेबांना दप्तरात ते पुस्तक सापडलं. सही त्यांच्या सहीपेक्षा सुबक होती. पुस्तक घेऊन ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. आत दोघं कशावरून तरी पोट धरून हसत होती. पुस्तक त्यांनी होतं तिथे ठेवून दिलं, आणि एकोणीस वर्षं तोंडातून शब्द काढला नाही.

"हे तिला सांगा, तिची खात्री पटेल," ते म्हणाले. "आणि म्हणावं, जेवत जा. बाकी काही नको."

बाईंनी शेंग खाली ठेवली. "तुमचा या गोष्टींवर विश्वास नाही ना?"

"नाही."

"मग?"

"ती अडतीस किलोवर आलीय हो."

पुढच्या गुरुवारी बायको दुखरा गुडघा विसरून घरचा जिना भराभर चढून आली, हात धुतले आणि म्हणाली, "वाढ गं सूनबाई." दोघी स्वयंपाकघरात बोलत होत्या. बाहेर पेपर तोंडासमोर धरून काटेसाहेब ऐकत होते. चार घासांनंतर बायको थांबली, रडली, आणि पुन्हा जेवू लागली. पारड्याला एकदाच बोट लावलंय, तेही भल्यासाठी, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. बत्तीस वर्षांत हेच वाक्य शेकडो दुकानदारांनी त्यांना ऐकवलं होतं, हे त्यांना आठवलं नाही असं नाही.

आठ महिन्यांत बायको सत्तेचाळीस किलोंवर आली. गुरुवार चुकत नव्हता. सूनबाई आधी नुसती सोबत म्हणून जाई. चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासायचं काम करणारी, शिकलेली, हसरी मुलगी; माहेरी दूरगावी एक भाऊ, तेवढंच. पण एका गुरुवारी बाईंच्या तोंडून तिचा नवरा म्हणाला, "तू अजून दिवा लावून झोपतेस ना?" तेव्हापासून ती स्वतःहून जाऊ लागली. तिकडून परतली की दोन दिवस तिचा चेहरा लग्नातल्या फोटोतल्यासारखा दिसे. काटेसाहेब तो चेहरा बघत आणि बोलायचं उद्यावर टाकत.

मग सूनबाईच्या छातीत गाठ निघाली.

तिने स्वतःच डॉक्टरीणबाईंना दाखवलं. तपासण्या झाल्या. गाठ वाईट होती, पण लहान होती. "महिन्याभरात काढली तर ही मुलगी म्हातारी होऊन मला भेटायला येईल," असं डॉक्टरीणबाई काटेसाहेबांना म्हणाल्या. तारीख ठरली. भावाला कळवलं. आणि तारखेच्या आधीच्या गुरुवारी सासवासुना बैठकीहून परतल्या त्या चपला न काढताच बसून राहिल्या.

"काय झालं?"

"तो नको म्हणतोय," बायको म्हणाली.

"कोण?"

"कोण म्हणजे? आपला. सुरी लावू देऊ नका म्हणाला. माझं झालं तेवढं पुरे, हिला मी सांभाळतो, म्हणाला."

काटेसाहेबांना कोडं पडलं नाही. त्या सुरीची धास्ती मुलगा गेल्यापासून बायकोच्या बोलण्यात होती; ऑपरेशनचं विचारताना तिचा आवाज कसा कापला असेल ते त्यांना घरबसल्या ऐकू येत होतं. बाईंनी तोच आवाज उचलून परत दिला होता.

"इकडे बस," ते बायकोला म्हणाले, आणि सगळं सांगितलं. दप्तर, पेन, सही, शेंगा सोलणाऱ्या बाई.

बायको रागावली नाही. उलट तिच्या नजरेत कीव आली. "तुम्हाला कुठलं माहीत असणार? माहीत असतं तर घर डोक्यावर घेतलं असतंत. अर्ध्या ग्रॅमसाठी लोकांच्या दुकानांना कुलूप लावणारे तुम्ही. एकोणीस वर्षं गप्प बसलात?"

"बसलो."

"खोटं बोलायला जमत नाही तुम्हाला. मी आजारी असताना माझ्याच तोंडून बाहेर पडलं असेल, ते ऐकून ठेवलंत आणि आता हे जुळवताय. पोराचा आवाज ऐकू येतो तेवढा तरी राहू द्या मला."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा टायरच्या दुकानावर गेले. या वेळी मात्र मागायलाच.

"एकदा म्हणा, करून घे ऑपरेशन. तो सांगतोय असं म्हणा. मी हात जोडतो."

"साहेब," ऑपरेटरबाई म्हणाल्या, "पहिल्या खेपेला मी तुमचंच बोलले. नाकारत नाही. पण तुम्ही फक्त जेवणाचं सांगितलं होतं. मी म्हणाले, आई, डाव्या गुडघ्याला जप. ते कुठून आलं?"

"ती लंगडत जिना चढते. कोणालाही दिसेल."

"माझे डोळे मिटलेले असतात."

"मग ऐकलंत. जन्मभर कानांवरच तर जगलात तुम्ही."

 खाली दुकानात कोणी टायरमध्ये हवा भरत होतं. "असेलही," त्या म्हणाल्या. "पण मला तो ऐकू येतो. आता त्याच्या तोंडी मी माझे शब्द नाही घालणार. ते पाप एकदा केलं, तुमच्यासाठी केलं. पुन्हा सांगू नका."

काटेसाहेबांनी खोटं बोलणारी माणसं आयुष्यभर पाहिली होती. ही बाई खोटं बोलत नव्हती. 

तिथून ते सूनबाईच्या दुकानात गेले. ती एकटीच होती. त्यांना पाहून म्हणाली, "या बाबा, नंबर वाढला वाटतं," आणि उंच खुर्चीत बसवून नाकावर ती जड, रिकामी चौकट चढवलीसुद्धा. नको म्हणायचं त्यांना सुचलं नाही. तसेच, समोरच्या तक्त्याकडे बघत, ते सगळं बोलले. आपण किती हास्यास्पद दिसत असू, हेही बोलता बोलता मनात येऊन गेलं.

ती काच बदलत होती. "ही बरी का ही?"

"सूनबाई, मी काय सांगतोय?"

"ऐकतेय. बाबा, तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलताय, तेही माझ्यासाठी. मला कळत नाही होय?"

"खोटं नाही गं."

तिने हातातली काच डबीत ठेवली. "बरं, खरं धरू. मग गेले आठ महिने मी कोणाशी बोलत होते?"

त्यांनी नाकावरची चौकट काढून तिच्या हातात दिली.

"ते मला नाही सोसणार," ती म्हणाली. "गाठ सोसेल."

ऑपरेशनची तारीख टळली. भाऊ आला, दिवसभर वाद घातला, शेवटी बहिणीपुढे हात टेकले आणि संध्याकाळच्या गाडीने गेला. डॉक्टरीणबाईंनी दोनदा फोन केला. काटेसाहेब एका गुरुवारी बैठकीत उभे राहिले आणि जमलेल्या दहाबारा जणांसमोर, कोरड्या घशाने, अडखळत सगळं पुन्हा बोलले. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. एका म्हाताऱ्याने उठून त्यांना स्वतःची खुर्ची दिली. पोरगा गेल्याचा धक्का फार बसलाय, असं मागे कोणी तरी कुजबुजलं.

पाच महिन्यांनी सूनबाईचा हात सुजला तेव्हा ती आपल्या पायांनी दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई कागदावर लिहीत राहिल्या. त्यांनी मान वर केली नाही. आता काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेवटच्या दिवसांत सूनबाई फारसं बोलत नसे. एकदा फक्त तिने सासऱ्याला जवळ बोलावलं.

"बाबा, ते दप्तराचं... खरं होतं का?"

काटेसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. हो म्हणावं, तर उरलेले चार दिवस तिने कोणाच्या आधाराने काढावेत? नाही म्हणावं, तर हे आयुष्यातलं दुसरं खोटं. त्यांनी तिच्या उशाची चादर नीट केली. ती वाट बघत राहिली, मग तिने डोळे मिटले. उत्तर तिला कळलं की नाही, हे त्यांना कधीच कळलं नाही.

ती गेल्यावर तिसऱ्याच गुरुवारी बायको बैठकीहून आली आणि दारातच म्हणाली, "दोघं एकत्र आहेत हो. हाताची सूज उतरलीय म्हणाली. तुमची आठवण काढत होती." मग ती जेवायला बसली.

त्याच्या पुढच्या गुरुवारपासून काटेसाहेब टायरच्या दुकानाशेजारी, जिन्याच्या पायथ्याशी एक स्टूल टाकून बसू लागले. वर जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगत: पहिली खूण मी पुरवली होती, माझी सून त्यापायी गेली, ऑपरेशन-औषधाचं वर विचारू नका. चारचौघांत बोलताना त्यांचा घसा अजून कोरडा पडे. म्हणून पाण्याची बाटली सोबत असे. लोक ऐकत. काही जण विचारत, "पण सही तंतोतंत तीच सांगितली का हो बाईंनी?" आणि दोन दोन पायऱ्या एकदम चढून वर जात. वर्षभरात खुर्च्या अकराच्या वीस झाल्या. दुकानदार एकदा म्हणाला, "साहेब, तुम्ही बसल्यापासून वरची गर्दी वाढलीय. राहू द्या की आता." काटेसाहेबांनाही तसं वाटे. ते घरी जाऊन विचार करत आणि पुढच्या गुरुवारी येऊन बसत.

एकदा एक बाप आला. काखेत दवाखान्याची फाइल, कडेवर सहासात वर्षांची मुलगी, पाय लुळे सोडलेली. त्याने मात्र घाई केली नाही. मुलीला पायरीवर बसवून त्याने सगळं शेवटपर्यंत ऐकलं. फाइल उघडून एक कागद वाचला, पुन्हा मिटला. इतकं लक्ष देऊन आजवर कोणी ऐकलं नव्हतं. काटेसाहेब बोलता बोलता स्टुलावरून उठून उभे राहिले.

"म्हणजे ते सगळं खोटं," तो माणूस म्हणाला.

"खोटं."

"तुमचा मुलगा बोललाच नाही."

"नाही."

त्याने जिन्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. "एक विचारू का, रागावू नका. तुमच्या बायकोला त्या दिवशी जेवण गेलं का?"

काटेसाहेब बाटलीतलं पाणी प्यायले. नाही म्हटलं असतं तर तो माणूस कदाचित माघारी फिरला असता.

"गेलं," ते म्हणाले.

माणसाने मान हलवली, मुलीला उचलून घेतलं आणि तो एक एक पायरी चढत वर गेला.