मिक्सरचं लाल बटण

"बॅटरी खाली धर. माझ्या डोळ्यांत नको, मिक्सरच्या पोटात," मास्तर म्हणाले.

मास्तरीणबाईंनी बॅटरी खाली केली. स्वयंपाकघराच्या फरशीवर वर्तमानपत्र, त्यावर उताणा मिक्सर, आणि त्याच्यावर ओणवे मास्तर. तीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस बायकोला वीज समजावत होता. एरवी दिवसभर हूं की चूं करायचे नाहीत, पण हातात पेचकस आला की मास्तरांची जीभ सुटायची.

मिक्सरच्या बुडाशी एक लाल बटण होतं. यंत्र फार तापलं की ते बाहेर येऊन सगळं बंद पडायचं, गार झाल्यावर आत दाबलं की पुन्हा सुरू. दुकानदाराने बाईंना हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मास्तरांना मात्र शेजारचे चारही स्क्रू दिसत, तेवढं बटण दिसत नसे. अकरा वर्षं ते मिक्सर उघडायचे, पुसायचे, पुन्हा जोडायचे आणि हात धुवायला जायचे. तेवढ्यात बाई बटण दाबून मोकळ्या. मिक्सर घरघरला की मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

आज मात्र बाईंना धास्ती होती. गेल्या आठवड्यात इस्त्री मास्तरांना जमली नाही. लेकीने मेकॅनिक आणला, त्याने ती पाच मिनिटांत केली. तेव्हाच मास्तरांनी हत्यारांचा डबा माळ्यावर टाकला होता. बाईंनी आज सकाळी तो कसाबसा खाली काढायला लावला. आता मिक्सरही चालला नाही, तर डबा कायमचा वर जाणार होता.

शेवटचा स्क्रू बसला. मास्तर हात धुवायला गेले. बाईंनी बटण दाबलं, मिक्सर सरळ केला, खटका लावला.

ढिम्म.

पुन्हा दाबलं. अंगठा दुखेपर्यंत दाबलं. मिक्सर काही हूं करेना.

"त्याने नाही व्हायचं," दारातून आवाज आला. मास्तर टॉवेलला हात पुसत उभे होते. "सकाळीच दाबून पाहिलं मी."

"काय दाबून?"

"तू दर वेळी दाबतेस ते."

बाईंना लाज वाटली, आणि लगेच रागही आला. "म्हणजे अकरा वर्षं तुम्हाला ठाऊक होतं?"

"साडेदहा. पहिले सहा महिने मला खरंच वाटलं, आपल्या हातात कला आहे."

"मग कशाला उघडत बसायचात?"

मास्तर गुडघ्याला हात देत सावकाश खाली बसले.

"या खेपेला खरोखरच बिघडलाय गं. आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"मेकॅनिकला बोलावू मग?"

"संध्याकाळी बोलाव," मास्तर म्हणाले आणि नुकताच बसवलेला स्क्रू पुन्हा सोडवायला लागले. "आत्ता बस. बॅटरी धर."

बाईंनी आमटीखालचा गॅस बारीक केला. मग, काय वाटलं कोण जाणे, बंदच करून टाकला.