नणंदेला कळू नये

समितीतले लोक तिला मुकादमबाई म्हणायचे, आणि तिला ते आवडत नसे असं मुळीच नाही. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर बुधवारी तीनला बैठक असायची. तीन वाजून दोन मिनिटांनी आत येणाऱ्याकडे ती फक्त एकदा मान वर करून बघायची. पुढच्या बुधवारी तो माणूस पावणेतीनलाच जिन्यात हजर असायचा.

काम सांगायला सोपं होतं. आसपासच्या गल्ल्यांत कुठल्या घरात बाईला नवऱ्याची धास्ती आहे आणि त्या घरात बंदूक आहे का, हे वेळेत कळायला हवं. कळलं की आधी बाईला विचारायचं. तिची तयारी असेल तर तिला सुरक्षित जागी न्यायचं, आणि मगच बंदूक घराबाहेर काढायची. हा क्रम उलटा करायचा नाही. आधी नवऱ्याला समजवायला गेलात तर तुमच्या शहाणपणाचे भोग त्या बाईला भोगावे लागतात, हे मुकादमबाईने सहा वर्षांत इतक्या वेळा सांगितलं होतं की समितीतला सलूनवाला म्हणायचा, आता मी झोपेतसुद्धा हेच बरळतो.

हा सलूनवाला कोपऱ्यावरच्या दुकानाचा मालक. त्याला समितीत घेतलं तेव्हा लोक हसले होते. पण पुरुषमाणूस घरात जे बोलत नाही ते खुर्चीत बसून आरशाला सांगतो, हे ज्याला ठाऊक नाही त्याने कधी केस कापून घेतले नसावेत. त्याच्याखेरीज दवाखान्यातली सिस्टर होती. पट्टी बांधता बांधता ती बरंच काही ऐकायची आणि त्यातलं अक्षरही बाहेर जाऊ द्यायची नाही. आणि एक निवृत्त हवालदारबाई. बंदुकीला हात लावायचा तो फक्त तिने. ती बंदूक रिकामी करायची आणि अग्निशमन केंद्रातल्या पोलादी कपाटात नेऊन ठेवायची. गुन्हा नाही, बोभाटा नाही. घरात वाईट दिवस आहेत तोवर आमच्याकडे ठेवा, ही घ्या पावती. लोक त्याला ठेव म्हणायचे.

बाईशी बोलताना वीस प्रश्नांचा कागद भरायचा. त्यावर नाव नाही, पत्ता नाही, फक्त नंबर. नाव ज्याने कागद भरला त्यालाच माहीत. कागद जमले की मुकादमबाई ते लावायची, लाल फायलीत किंवा पिवळ्या. लाल म्हणजे त्याच दिवशी धावपळ, पिवळी म्हणजे बुधवारी बघू. लावताना तिची एक खोड होती. कागद हातात आला की डोळे थेट अकराव्या प्रश्नावर. घरात बंदूक आहे का? नाही असेल तर पिवळी. कागद फार आणि हात दोन, दुसरं करणार काय.

त्या बुधवारी पिवळ्या फायलीतला सव्वीस नंबरचा कागद तिने मोठ्याने वाचायला घेतला. सोमवारी तिनेच तो तिथे टाकला होता.

"नवरा तीन महिने घरी आहे, नोकरी गेली," तिने वाचलं. "बाई दुकानात गेली की किती मिनिटं लागली ते विचारतो. संध्याकाळी दाराच्या मध्ये खुर्ची टाकून बसतो. डाव्या मनगटाला भाजल्याची जखम. मनगट धरून ठेवलं होतं, इस्त्री लागली. घरच्यांना सांगितलं, हात घसरला."

इथे तिचा आवाज जरा अडखळला, पण ती थांबली नाही. विसावा प्रश्न होता, हे कोणाला कळू नये असं वाटतं? सिस्टरच्या अक्षरात उत्तर होतं. नणंदेला कळू नये. एकुलता एक भाऊ आहे तिचा, तिला सोसायचं नाही.

मुकादमबाईने कागद टेबलावर ठेवला आणि चष्मा काढला.

रविवारी तिनेच त्या मनगटाला मलम लावलं होतं. धाकट्या भावाच्या घरी, ओट्यापाशी उभी राहून. वर हसत म्हणाली होती, "अगं, इतकी वर्षं इस्त्री करतेस, अजून हात भाजून घेतेस?" आणि भावजयही हसली होती. भाऊ तेव्हा दारात खुर्ची टाकून बसला होता. तिला वाटलं, वारा खात बसलाय. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. सगळ्या गावाला वीस प्रश्न शिकवले, आणि दर रविवारी जिथे जेवत होती तिथे एकही विचारला नाही.

"हे माझ्या घरचं आहे," ती म्हणाली. "माझा भाऊ. आणि अकराव्याचं उत्तर चुकलंय."

सिस्टर गडबडली. "बाई, मला खरंच ठाऊक नव्हतं. आडनाव वेगळं, आणि ती काही बोलली नाही."

"तू बरोबर केलंस. मीच चुकले." तिने एकेक शब्द नीट सांगितला, कारण सांगणं भाग होतं. "तो बँकेत पहारेकरी होता. बंदूक त्याच्या स्वतःच्या परवान्यावरची. बँकेने काढलं तशी ती घरी आली. झोपायच्या खोलीत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात."

"मग बाई नाही का म्हणाली?" हवालदारबाईने विचारलं.

"बंदूक आहे म्हणाली असती तर कागद लाल झाला असता आणि मी तो शेवटपर्यंत वाचला असता. वाचला असता तर ओळखला असता. तिला हे सगळं माहीत आहे, रविवारी जेवताना मीच तर सांगत असते."

नियम तिनेच केलेला होता. प्रकरण नात्यातलं निघालं की माणसाने उठून बाहेर जायचं, सल्ला द्यायचा नाही, लुडबूड करायची नाही. ती उठली. सलूनवाला म्हणाला, "बाई, तुम्ही बसलात तरी चालेल." तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं. दार तिने स्वतः ओढून घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर बसली.

आणि मग तिच्या मनाने तेच केलं जे सहा वर्षं ती दुसऱ्यांना करू नका म्हणून सांगत होती. आत्ता जावं आणि त्याचे कान उपटावेत. लहानपणी उपटले नाहीत का? शाळेची पाटी फोडून आला की हिच्यामागे लपायचा, आई विचारायला आली तर ही म्हणायची, माझ्याकडून फुटली. माझं ऐकेल तो, दुसऱ्या कुणाचं ऐको न ऐको. पाच मिनिटांचा तर रस्ता आहे. हातातल्या फोनवर त्याचं नाव तिने दोनदा काढलं. दोनदा पुसलं. प्रत्येक बहीण असंच म्हणते, माझं ऐकेल. प्रत्येक आई असंच म्हणते. सहा वर्षांच्या कागदांत असं म्हणणाऱ्या किती होत्या आणि पुढे काय झालं होतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक. तिने फोन पर्समध्ये टाकला, पर्सची चेन लावली आणि ती मांडीखाली घेऊन बसली. हसू नका, खरोखर मांडीखाली.

तासाभराने, दवाखान्यात परत गेलेल्या सिस्टरचा निरोप आला. मनगटाची पट्टी बदलायला भावजयीला आज दवाखान्यात यायचंच होतं, ती आली होती. सिस्टरने तिला सगळं खरं सांगितलं, नणंदेला कळल्याचंही, आणि विचारलं, भेटायचंय का? ती म्हणाली, येऊ दे.

दवाखान्यातली ती मागची खोली, एक पलंग, एक स्टूल, कापसाचा डबा. भावजय पलंगाच्या कडेला बसली होती, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून, कोणत्याही क्षणी उठावं लागेल अशी.

"वन्सं, रागावलात?"

एवढंच विचारलं तिने. मुकादमबाई समोरच्या स्टुलावर बसली. मार हिने खाल्ला, भीतीत दिवस हिने काढले, आणि रागावलात का म्हणून हीच विचारते आहे.

"तुझ्यावर कशाला रागावू? स्वतःवर रागावलेय. समोर बसून जेवत होते आणि मला दिसलं नाही."

"मी दिसू दिलं नाही."

"तेच तर. इतकं लपवायचं कारण मी व्हावं?"

भावजय मनगटाच्या पट्टीची कड नखाने सरळ करत राहिली. मग हळूच म्हणाली, "परवा रात्री त्यांनी ती खाली काढली. जेवणाच्या टेबलावर ठेवली, ताटाशेजारी. काही बोलले नाहीत. जेवले, हात धुतले, परत वर ठेवून दिली. मला सांगा वन्सं, याला काय म्हणायचं? त्यांनी मला काहीच केलं नाही."

"केलं," मुकादमबाई म्हणाली. "त्याने खूप केलं. माझा भाऊ आहे म्हणून त्याचं नाव बदलत नाही."

तेव्हा कुठे भावजयीचा धीर सुटला. ती आवाज न करता रडली, तशी सवय झाली असावी. मुकादमबाई स्टुलावरून उठून तिच्या शेजारी जाऊन बसली आणि तिचं डोकं खांद्याशी घेतलं. तिला पुष्कळ सांगायचं होतं. सांगितलं नाही. भावजयीने स्वतःच तोंड पुसलं आणि सिस्टरला म्हणाली, "मी जाते. आजच जाते. माझी कागदपत्रं घरी आहेत, त्याचं काय?"

"कागदपत्रं नंतर आणू," सिस्टर म्हणाली. "माणूस आधी."

दवाखान्याच्या मागच्या दाराने ती सिस्टरच्या गाडीतून गेली. भावाकडे सलूनवाला जाणार असं समितीत ठरलंय, एवढं सिस्टरने जाता जाता सांगितलं. तिला कुठे नेलं ते मुकादमबाईने विचारलं नाही. नियम म्हणून नव्हे, स्वतःवर भरवसा नव्हता म्हणून.

पाच वाजून गेले होते. तेवढ्यात फोन वाजला. धाकटा.

"ताई, ही दवाखान्यातून आली नाही अजून. तुझ्याकडे आहे का?"

भावाशी ती आयुष्यात खोटं बोलली नव्हती. "माझ्याकडे नाही. सुखरूप आहे. कुठे आहे ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी सांगितलं नसतं."

तो म्हणाला, "तू ये."

पाटी फुटल्यावरचाच तो आवाज.

"आज मी येणार नाही रे. सलूनवाला येतोय. त्याला आत घे."

"तू का नाही?"

"मी आले तर तुला पाठीशी घालीन. म्हणून."

तिने फोन ठेवला.

सलूनवाला दाढीचं सामान घेऊन गेला. हवालदारबाई खाली फाटकाशी थांबली. पुढचं त्याने साडेसहाला समितीच्या खोलीत परत आल्यावर सांगितलं, खुर्चीत अंग टाकून, आणि त्याच्या कपाळावर घाम होता. "पंधरा वर्षं माझ्याकडे येतोय तो. म्हटलं, तोंड बघ आरशात, बस, करून देतो. अर्धा गाल होईपर्यंत शिव्या दिल्या. तुम्हालाही दिल्या, बाई. मी म्हटलं, दे, पण हलू नको, वस्तरा आहे. मग रडायला लागला. म्हणाला, ती टेबलावर ठेवली त्या रात्री मला माझीच भीती वाटली. मी म्हटलं, मग दे ना इकडे. उठून कपाटाची किल्ली दिली. हवालदारबाईने वर येऊन बंदूक रिकामी केली, केंद्रातल्या पोलादी कपाटात नेऊन ठेवली. दुसरा गाल नंतर केला."

मुकादमबाईने तोंडावर पदर धरला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, रडून घेतलं. तिला बैठकीत रडताना कोणी कधी पाहिलं नव्हतं. हवालदारबाई उगाच खिडकीबाहेर बघत राहिली.

मग हवालदारबाईनेच पावतीची समितीकडची प्रत टेबलावर सरकवली. "एक बघून घ्या. खालची ओळ."

ठेवीच्या पावतीवर खाली एक ओळ असते. कोणाच्या सहीशिवाय ही बंदूक परत द्यायची नाही? ठेवणाऱ्याने स्वतः नाव लिहायचं. कोणी भावाचं लिहितं, कोणी मित्राचं. त्याने बायकोचं लिहिलं होतं.

"मला तर बरं वाटलं वाचून," सलूनवाला म्हणाला. "तिचा मान ठेवला त्याने."

"मान ठेवला खरा," मुकादमबाई म्हणाली. तिने ते अक्षर बोटाने हलकेच पुसल्यासारखं केलं. "आणि चार महिन्यांनी त्याला ती परत हवीशी झाली की तो कोणाच्या दारात उभा राहील? कोणाला म्हणेल, सही कर? नाही. तिच्यावर आणखी एक ओझं नको. उद्या त्याच्याकडे जा, ओळ बदलून घे. माझं नाव घालायला सांग."

"पण बाई, तुम्ही तर बाहेर," हवालदारबाई म्हणाली. "नियम तुमचाच."

"समितीची म्हणून नाही. बहीण म्हणून. ती सही तर घरच्याच माणसाची असते ना?"

सलूनवाला म्हणाला, "तो तुमचा दुस्वास करेल, बाई. वर्षानुवर्षं करेल."

"करू दे," ती म्हणाली. "राग यायचाच तर माझ्यावर येऊ दे. तिला सोडून तो राहू शकेल, राहावंच लागेल. मला सोडून कुठे जाणार आहे?"