अजून कुणी न जिंकलेला मेंढा

मी मेंढा बोलतोय. हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग कान द्या. कडा आणि आष्टीच्या मधल्या एका गावात, तालमीच्या दारापुढच्या लिंबाखाली माझा खुंटा आहे. अंगानं काळा, कपाळावर पांढरा ठिपका, आणि शिंगं अशी की बघणाऱ्यानं दोन पावलं मागंच सरकावं. पण गावात मला कुणी नावानं हाक मारत नाही. "बक्षिसाला पाणी पाजलं का?" असंच विचारतात. कारण मी खरंच बक्षीस आहे, उरुसातल्या शेवटच्या कुस्तीचं.

बक्षिसाच्या मेंढ्याचं पुढं काय होतं, हे तुम्हाला आधीच माहीत असलेलं बरं. जिंकणारा पैलवान त्याला खांद्यावर घेऊन गावातून मिरवतो, गुलाल उधळतो, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीला रश्श्याचं आवतन जातं. आज कुस्ती, उद्या पातेलं. एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे माझं पुढचं सगळं सुखदुःख तुम्हाला कळेल.

माझा जन्म एका धनगराच्या कळपात, काढणी झालेल्या हरभऱ्याच्या रानात झाला. आईचं दूध भरपूर, रान मोकळं, भावंडांशी टकरा खेळायच्या आणि दमलं की तिच्या पोटाशी शिरायचं. ते दिवस भारी होते. मग एका बाजाराला मला कड्याला आणलं. बाजारात गिऱ्हाईक मेंढ्याच्या तोंडाकडं बघत नाही. पाठीवर अंगठा दाबतं, मांडी चाचपतं आणि मनातल्या मनात ताटं वाढायला लागतं. त्या दिवशी एकानंच माझ्या कपाळावर तळवा टेकवून मला मागं रेटून पाहिलं. मी उलट रेटा दिला. म्हातारा खूश झाला. तो आमचा हरिबा वस्ताद.

हरिबा वस्ताद तालीम सांभाळतो आणि कुस्त्यांचा पंचही तोच. नियमाचा लई पक्का माणूस. कुस्ती निकाली झाली तर बक्षीस जिंकणाऱ्याचं, बरोबरीत सुटली तर निम्मं निम्मं, यात त्याच्याकडं दयामाया नाही. एका वर्षी म्हणे बक्षिसाला फेटा होता आणि कुस्ती बरोबरीत सुटली, तर यानं कुस्त्यांच्या भर हगाम्यात कात्री मागवून फेटा मधोमध कापला. ही गोष्ट मी ऐकली तेव्हा मला नुसतं हसू आलं होतं. नंतर आठवली तेव्हा घाम फुटला.

मला आणलं त्या वर्षीची शेवटची कुस्ती लागणार होती ख्वाजा आणि सतीशची. ख्वाजाचं रस्त्यावर ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज, सतीश वीज मंडळात वायरमन. दोघंही चाळिशीचे, दोघांच्याही पोटानं लंगोटाच्या वरून डोकवायला सुरुवात केलेली. ह्यांना कुठली गदा आणायची नव्हती. लहानपणी उरुसात रेवड्यांसाठी एकमेकांना पाडलं, तेव्हापासून दर रविवारी सकाळी तालमीत उतरायचं, एकमेकांच्या मानगुटीला धरायचं आणि मातीनं माखून हसत बाहेर यायचं. बस, एवढाच नाद.

उरुसातल्या संदलच्या मिरवणुकीची तयारी झाली, माझ्या शिंगांना रंग लागला, आणि कोरोना आला.

उरूस बंद, हगामा बंद. वस्तादानं तालमीला कुलूप घातलं. सगळं गाव तोंड पाडून बसलं होतं आणि मी एकटा लिंबाखाली नाचत होतो. खोटं कशाला बोलू, मला आनंदाचं भरतं आलं होतं. माणसांची दारं बंद झाली तसा माझ्या गळ्यावरचा सुरा दूर गेला. उरलेल्या भाकरी माझ्याच वाट्याला यायच्या. लिंबाला अडकवलेला कुणाचा तरी मास्कसुद्धा मी खाऊन पाहिला. काही चव नाही.

थोडी ढील मिळाली तशी ही मंडळी रविवारी लिंबाखाली येऊन लांब लांब बसायला लागली. कुस्ती कधी सुरू करायची, हा एकच विषय. एकानं सांगितलं, मास्क लावून खेळू. दुसरा म्हणाला, अंगाला तेलाऐवजी सॅनिटायझर चोपडू. सतीशनं तर पाठीला पाठ लावून कुस्ती करायची युक्ती काढली. माणूस एरवी शहाणा असतो, पण त्याच्या आवडीच्या गोष्टीला आडकाठी आली की तो काय काय बोलेल याचा नेम नाही. मी मात्र प्रत्येक बैठकीला कान टवकारून बसायचो. त्यांची तारीख ठरली की माझीही ठरणार होती.

ख्वाजाच्या अंगात रग मावेना. आधी त्यानं लिंबाच्या खोडाला मिठी मारून डाव टाकले. खोड काही पडेना. मग त्याची नजर माझ्यावर गेली. त्यानं माझी शिंगं धरली, खांदा माझ्या कपाळाला लावला आणि रेटा दिला. कड्याच्या बाजारापासून मला कुणी असं रेटलं नव्हतं. मी पाय रोवले आणि त्याला सरळ उकिरड्यापर्यंत नेऊन सोडला. तो उताणा पडून आकाशाकडं बघत हसत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून सतीशही यायला लागला. वस्तादानं पाळी लावून दिली, सकाळी ख्वाजा, संध्याकाळी सतीश, म्हणजे दोघांची गाठ पडायला नको. माणसाला माणसाची बाधा होत होती, मेंढ्याला भेटायला कुणाची मनाई नव्हती. सकाळी ख्वाजा दमला की माझ्या कानात विचारायचा, "काल कसा व्हता बे तो? दम टिकतोय का त्याचा?" संध्याकाळी सतीशही तेच विचारायचा. मी आपला रवंथ करायचो. पण मला दोघांची अंगं पाठ झाली होती. ख्वाजा डावीकडून घुसतो, सतीश आधी खाली वाकतो. बक्षीस होतो तो मी जोडीदार झालो, आणि खरं सांगतो, मला त्याचा गर्व चढला होता.

पुढच्या वर्षी माघ सरता सरता सगळ्यांना वाटलं, गेला एकदाचा रोग. तालमीचं कुलूप निघालं. कुस्तीच्या हौद्यातली माती खोदली, तिच्यात हळद, ताक, तेल घातलं, आणि तो वास लिंबापर्यंत आला. मला चारा गोड लागेना. रविवारी दोघं लंगोट लावून उभे राहिले, आणि नेमकी तेव्हाच आम्रपाली दारात आली.

आम्रपाली म्हणजे सतीशची बायको, गावातली आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र घेऊन ती घरोघर फिरायची. गावात पुन्हा माणसं आजारी पडतायत, कुस्ती थांबवा, असं तिनं सांगितलं. ख्वाजा पहिल्यांदाच तिच्यावर चिडला. बाजार भरतोय, लग्नं लागतायत, एस. टी. भरून चाललीय, मग आमच्या कुस्तीनंच काय घोडं मारलं, असं तो तावातावानं बोलला.

आम्रपालीनं आवाज चढवला नाही. "ख्वाजाभाऊ, बाजारात तुमी कुणाच्या गळ्यात पडून धापा टाकता का? आन् घरी जाऊन तुमी जिनतखालाच्या शेजारी बसता. त्यांच्या दम्याचं काय करायचं, ते मला सांगा."

ख्वाजानं लंगोटावर सदरा चढवला. जिनतखाला म्हणजे त्याची आई, सगळ्या गावाची खाला, मावशी. तालमीला लागूनच त्यांचं घर. बाई तालमीत कधी आली नव्हती, पण तिच्या गच्चीवरून हौदा दिसतो, आणि ख्वाजा लहान होता तेव्हापासून तिची एकही रविवारची कुस्ती चुकली नव्हती. थंडीत तिचा श्वास असा वाजायचा की मला खाली ऐकू यायचा. वस्तादानं मूठभर माती उचलून परत हौद्यात टाकली. मग म्हणाला, "ज्याचा दम सगळ्यात कमी, त्यालाच इचारा. त्यानं हा म्हणल्याबिगर माती उकरायची न्हाई."

सगळे अंगणात जाऊन लांब उभे राहिले आणि खालांना विचारलं. त्या उंबऱ्यात बसल्या होत्या. "मला जगायचंय रे," त्या म्हणाल्या. "ह्याच दोघांची कुस्ती बघायला जगायचंय. आत्ता नगं. म्या सांगीन तवा."

कुलूप पुन्हा लागलं. मला खरं तर नाचायला पाहिजे होतं. पण तो उन्हाळा फार वाईट गेला. आम्रपाली रात्रंदिवस पळत होती, सतीश दवाखान्याची वीज जाऊ नये म्हणून खांबावर चढलेला असायचा. ख्वाजा सकाळी यायचा, पण रेटायचा नाही. एकदा माझ्या कुशीला टेकून बसला आणि म्हणाला, "सत्या समोर नसला तर कुस्ती कशाला शिकलो बे आपण?" माझ्या लोकरीत तोंड खुपसून तो रडला. मला त्याचं फार वाईट वाटलं. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात आलं, होऊ दे बाबा यांची कुस्ती. माझं काय व्हायचं ते होईल.

खालांनी लस घेतली. आम्रपालीनंच हाताला धरून नेलं. पहिल्या वेळी ताप आला तर ख्वाजाचं तोंड बघवेना, दुसऱ्या वेळी त्या जेवून-बिवून शेजारणीशी भांडायला तयार. पावसाळा संपला, दिवाळी झाली, थंडी आली तरी गावात कुणाला त्या रोगाचा ताप नाही. ख्वाजा विचारायला जायचा आणि त्या नुसती मान हलवायच्या, अजून नाही. सकाळच्या थंडीत आपला श्वास कसा चालतो, ते त्या बघत होत्या. बाई घाईची नव्हती, आणि तिच्या घाई न करण्यानं माझं आयुष्य लांबत होतं.

शेवटी एका रविवारी खाला काठी टेकत स्वतः तालमीच्या दाराशी आल्या. श्वास वाजत नव्हता. त्यांनी वस्तादाला सांगितलं, "उघडा कुलूप. लई झालं." मग माझ्याकडं वळून पाहिलं. "आन् हा मेंढा किती माजलाय. ह्याचा बी निकाल लागू द्या एकदाचा."

पुढच्या रविवारी कुस्ती ठरली. आम्रपालीनं दोघांचा ताप तपासला, बघणाऱ्यांना भिंतीबाहेर मोकळ्यावर उभं केलं. हलगी कडाडली. मला हौद्याजवळ आणून बांधलं, गळ्यात झेंडूची माळ घातली. माळ चांगली होती, पण मला ती खायचीसुद्धा वासना होईना.

सलामीला दोघांनी हात मिळवले आणि ते सोडलेच नाहीत. तसेच उभे राहिले. हलगीवालाही थांबला.

"किती जाड झाला बे तू," ख्वाजा म्हणाला.

"मेंढ्यानं सांगितलं न्हाई व्हय तुला?" सतीश म्हणाला, आणि दोघांनी एकमेकांना कडकडून मिठी मारली. ती मिठी कधी संपली आणि कुस्ती कधी लागली, ते कुणालाच कळलं नाही. मग माती उडाली. ख्वाजा डावीकडून घुसला, सतीश खाली वाकला, अगदी मला माहीत होतं तसं. एक पडता पडता वाचायचा, दुसरा निसटायचा. दोघांनाही एकाच चार पायांच्या गुरूनं तयार केलं होतं ना! पार धाप लागली, तरी कुणी चीत होईना. शेवटी हरिबा वस्तादानं दोघांचे हात धरून वर केले. "बरोबरीत. बक्षीस निम्मं निम्मं."

टाळ्या वाजल्या आणि मग सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मला ती कात्री आठवली. माझे चारी पाय मातीत रुतले. गर्दीतल्या कुणी तरी सुरा आणायला माणूसही पाठवला.

तेवढ्यात जिनतखाला पुढं आल्या. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. त्यांचा हात उबदार होता. "अर्धा मेंढा टक्कर कशी देईल रे?" त्या म्हणाल्या. "तुमी दोघं घरात बसला होता तवा ह्यानं तुमाला खेळवलं. उद्या पुन्हा तसलं काही आलं, तर माझा पोरगा कुणाशी खेळंल?"

ख्वाजानं माझ्या गळ्यातली माळ सारखी केली. सतीशनं माझ्या अंगावरची माती झटकली, जणू मीच कुस्ती खेळलो होतो. वस्ताद मात्र नियमाचा माणूस. त्यानं डोकं खाजवलं, विचार केला आणि निकाल दिला. बक्षीस कापायचं नाही. निकाली कुस्ती होईपर्यंत मेंढा दोघांचा, एक रविवार ह्याच्या दारात, एक रविवार त्याच्या दारात, बाकी दिवस तालमीत. जो चीत करील, त्याचा.

त्याला आता काही वर्षं झाली. उरुसाला नवं बक्षीस येतं, नवी पोरं जिंकतात. माझी कुस्ती अजून बरोबरीतच आहे. पण म्हातारपण आलं तरी माझी नजर शाबूत आहे. गेल्या रविवारी सतीशनं ख्वाजाला पुरता उताणा धरला होता. खांदे टेकायचे तेवढे राहिले होते. मी चघळायचा थांबलो. सतीशनं मान वर करून माझ्याकडं बघितलं, आणि त्याची पकड आपोआप ढिली झाली. त्याच्या आधीच्या रविवारी ख्वाजानंही तेच केलं होतं. वस्ताद नेमका त्याच वेळी चष्मा पुसत असतो.

"काय झालं रे?" गच्चीवरून खालांनी विचारलं.

"बरोबरीत, अम्मी," ख्वाजा ओरडला. "बरोबरीत, खाला," सतीशही ओरडला. थोड्या वेळानं वरून माझ्यासाठी शिळी भाकरी आली.

तर या एखाद्या रविवारी आमच्या तालमीत. लिंबाखाली बसा, दोघांना ओरडून चेव द्या, माझ्या पाठीवर अंगठा दाबलात तरी चालेल. मला जोडायला हात नाहीत, म्हणून कपाळ टेकवून एवढंच मागतो. ह्या दोघांना नवा डाव तेवढा शिकवू नका.