बेकरीवाल्याची झोप

“एन्कार्ना, माझा पांढरा शर्ट कुठंय? दे लवकर, डाव संपेल त्यांचा!”

“अरे, आत्ता तर सहा वाजलेत. ऊनसुद्धा उतरलं नाही,” एन्कार्ना हसत सुटली. “आपल्या लग्नाला तरी एवढी घाई केली होतीस का?”

कासिमिरोला धीर म्हणून निघत नव्हता. आमच्या गल्लीचा हा बेकरीवाला. सगळं गाव झोपायचं तेव्हा हा पाव भाजायचा. आणि दुपारची झोप आटोपून गाव दारात खुर्च्या मांडायचं, तेव्हा हा गडी खिडकीची झडप पाडून घोरत असायचा. रात्रीची झोपही त्याला त्यातच भरून काढावी लागे. तरुणपणी डोमिनोची सोंगटी टेबलावर अशी आपटायचा, की चौकातली कबुतरं उडत. भट्टीला जुंपला आणि खेळ सुटला तो सुटलाच. परवा त्यानं भट्टी पुतण्याच्या, फर्मीनच्या हवाली केली. काल रात्री चार माणसांसारखा झोपला. आज त्याला सोंगटी आपटायची होती, बस्स!

तो जवळजवळ धावतच खाली आला. आम्ही संत्र्याच्या झाडाखाली खेळत होतो. टेबलावर जाड घोंगडी, तिच्यावर सोंगट्या अलगद ठेवायच्या. बोलणंही कुजबुजत.

“हे काय? कुणी गेलं की काय?” तो ओरडलाच.

“हळू बोल, मेल्या!” दारात शेंगा सोलत बसलेल्या म्हाताऱ्या अंगुस्तियासनं दटावलं. “बेकरीवाला झोपलाय.”

कासिमिरोचा चेहरा काय फुलला! म्हणजे इतकी वर्षं ही घोंगडी त्याच्यासाठी होती, आणि त्याला पत्ताच नव्हता.

“अगं मावशी, उठलाय की तो! हा काय तुझ्यापुढं उभा आहे. काढा रे ती घोंगडी!”

कुणी हललं नाही. अंगुस्तियासनं हातातली शेंग समोरच्या घराकडं केली. फर्मीनच्या खिडकीची झडप पार खाली होती.

“तू नाही रे,” ती म्हणाली.

मला फार वाईट वाटलं. मी उठलो, त्याला माझी खुर्ची दिली, सोंगट्याही दिल्या. त्याची पाळी आली. सोंगटी धरलेला हात थेट डोक्याच्या वर गेला. आम्ही श्वास रोखून पाहत राहिलो.

त्यानं एकदा त्या झडपेकडं पाहिलं. मग दुसऱ्या हातानं घोंगडीची चुरगळलेली कड सरळ केली आणि सोंगटी हलकेच ठेवली.