सुनेचे तीन महिने

वळूवाला दोन कोस चालून आला होता, तरी थोरल्या बाईंनी त्याला गोठ्याबाहेरच थोपवले. कालवडीच्या बरगड्यांवरून त्यांनी हात फिरवला, पापणी खाली ओढून पाहिली आणि निकाल दिला.

"आज नाही. अंगात रक्त नाही हिच्या. तीन महिन्यांनी ये."

"बाई, कालवड माजावर आलीय. वेळ जाईल हातची."

"पुन्हा येईल. माझ्या गोठ्यात अशक्त जनावर गाभण राहत नाही. आणि तुझा वळूही दमलेला दिसतोय. दोघंही घरी जा, झोपा."

वळूवाला हसत, कुरकुरत परतला. चाळीस वर्षांत बाईंची एकही गाय वेतात दगावली नव्हती. आणि हे बाई दिवसातून एकदा तरी कोणाला ना कोणाला ऐकवीतच.

दुपारी आरोग्यसेविका आली. मागच्या वर्षी सुनेचा रक्तदाब सातव्या महिन्यात भडकला आणि बाळ हाती लागले नाही. तेव्हापासून बाई नातवंडासाठी उतावीळ होत्या आणि सून मान वर करत नव्हती. सेविकेने दंडाला पट्टा बांधून दाब मोजला, थोडे थांबून पुन्हा मोजला.

"वरचा एकशे अठ्ठेचाळीस, खालचा शहाण्णव. गेल्या महिन्यात मोजला तेव्हाही एवढाच होता. दिवस नसतानाच इतका, तर पुढे हिलाही धोका आणि बाळालाही. आधी दाब खाली आणू. गरोदरपणात चालतील अशा गोळ्या डॉक्टर देतील. तीन महिने तरी थांबा."

"थांबा?" बाई कडाडल्या. "अहो, दोन घागरी घेऊन चढण चढते ती! धडधाकट पोर आहे. बाळंतपणाची काळजी दिवस राहिल्यावर करायची. आधी कसली?"

सेविका उत्तर देणार, तोच सून बोलली.

"आई, सकाळी कालवडीला तीन महिने दिलेत. मला नाही द्यायचे?"

आपल्याच धिटाईने सुनेचे कान लाल झाले. बाईंनी पदर सावरला, घसा खाकरला.

"कालवडीचं पापणीत दिसतं. तुझं दिसलं नाही. चुकले मी."

हा शब्द त्या घराने त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकला. पण पुढच्या क्षणी हुकूम सुटले: गोळी त्यांच्यासमोर घ्यायची, घागरी मुलाने वाहायच्या, ताटात वरून मीठ कोणालाच नाही.

"माझा काय गुन्हा?" मुलगा कळवळला.

"बाप व्हायचंय ना? मग खा अळणी."

अडीच महिन्यांनी शेजारीण कुंपणावरून डोकावली. "काय हो, सुनेचं अजून काहीच नाही का?"

दारातली सून जागीच थिजली. बाईंनी वैरणीचा भारा खाली टाकला आणि कमरेवर हात ठेवले.

"आहे की! वरचा एकशे बावीस, खालचा अठ्ठ्याहत्तर. कालच मोजला. तुझ्या सुनेचा किती?"

"तिचा... तिचा कुठं मोजलाय?"

"मग माझ्या दारात कसल्या चौकशा करतेस?" बाई गरजल्या. "उद्या दहाला सेविका येतेय. घेऊन ये पोरीला!"